ओल्या फडक्यातलं तांबडं भात

आय,

हे पत्र आपल्या घरच्या बोलीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. ती बोली तोंडात बसते, कागदावर उतरत नाही. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. तुला ती कळायची, पण तू ती फक्त फादरांशी आणि डॉक्टरांशी बोलायचीस, तीही पदर सावरून, खालच्या आवाजात, आणि घरी आल्यावर म्हणायचीस की जीभ दमली. तेव्हा घटकाभर मला फादर समज आणि ऐक. सांगायचं ते असं, की यंदा तुझं तांबडं भात पावसात सापडलं, आणि ते वाचवायला मी जे काय केलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. तुझ्या जावयांना सांगून झालं. ते सगळं ऐकतात, मान हलवतात आणि मग विचारतात, चहा टाकू का. चांगले आहेत गं, पण त्यांचं उभं आयुष्य वालीवच्या कारखान्यात गेलं. तिथे एखादा पार्ट बिघडला की दुसरा बनवतात. भात गेलं म्हणून बायको दोन दिवस जेवत नाही हे त्यांना अजून समजायचंय.

तुझं भात म्हणजे तू मला लग्नात दिलेलं. आदल्या दिवशी सगळ्या मिळून माझी ट्रंक भरत होत्या, साड्या, भांडी, आत्याने आणलेलं घड्याळ, आणि तू स्वयंपाकघरातून आलीस. हात ओलेच. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची शिवलेली एक पिशवी तू साड्यांच्या मधोमध खोचलीस आणि म्हणालीस, "बी हाय. माज्या आयनं मना दिलेलं. खाऊ नको." एवढंच. लेकीला निरोप देताना बाया काय काय बोलतात, रडतात, तू बियाणं खाऊ नको म्हणून बजावलंस. निर्मळला सासरी ट्रंक उघडली तेव्हा नणंदा हसल्या, सोनं कमी पडलं म्हणून भात दिलं काय. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सासऱ्यांनी पिशवी हातात घेतली, दोन दाणे सोलून चावले आणि घरामागे केळीच्या वाडीला लागून जो खोलगट तुकडा आहे तो दाखवून म्हणाले, ह्यात टाक. तेव्हापासून दर वर्षी टाकते. आता ते माझ्या मांडणीतल्या जुन्या भांड्यांसारखं झालंय, गरज कोणाला नाही, पण काढून टाकायची कोणाची हिंमत नाही. तुकड्याच्या एका अंगाला इमारत उभी राहिली, दुसऱ्या अंगाला भराव टाकून ठेवलाय. लोक विचारतात, बाजारात तांदूळ मिळत नाही का. मिळतो की. तो तुझ्या आयचा नसतो. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, की हे माझ्या आजीपासूनचं बी आहे, मधे एकदाही तुटलेलं नाही. माझ्या मुलीला मी हे इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्या आधी वाक्य पुरं करते आणि मग डोळे फिरवते.

आगेऱ्याचा तुझा कायदा मी सासरी घेऊन आले हे तुला माहीत नसेल. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात न्यायच्या, फादरांनी आशीर्वाद द्यायचा, मग नवं धान्य घरात शिजायचं, एवढं सगळं गाव पाळतं. एक पेंढी देवळासाठी आधी कापली की बाकीचं शेत लोक पिकेल तसं कापतात, त्यात देवाचीही हरकत नसते. तुझीच होती. देवाने बघितल्याशिवाय शेताला विळा लागता कामा नये. पाहुणा पाटावर बसायच्या आधी घरच्यांनी ताटात हात घालायचा नाही तसं ते, असं तू समजावायचीस. देवळात न्यायच्या तेवढ्या लोंब्यासुद्धा तू विळ्याने कापत नव्हतीस, हाताने खुडायचीस. मीही खुडते. कोणी विचारलं तर सांगते, आमच्यात असंच असतं. आमच्यात म्हणजे तुझ्यात आणि माझ्यात. तिसरं कोणी आजवर भेटलेलं नाही.

यंदा आगेऱ्याच्या आधीच्या गुरुवारी आभाळ निळंभोर होतं. लोंब्या वाकलेल्या, दाणा दाताखाली कट्ट वाजत होता. तुझे जावई गॅलरीत फोन घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघ, रविवारपासून ढगच ढग दाखवतायत. उद्या कापून टाकूया का? कापणीसाठी कामणवालीला फोन कर."

"आगेरा झाल्यावर," मी म्हटलं.

"देवाला दोन दिवस इकडेतिकडे चालत नाही?"

"देवाला चालेल. आयला चालणार नाही."

"मग आयला विचार तरी. ती वरूनच बघत असेल, तिला ढग आपल्या आधी दिसतील."

मी नुसती बघत राहिले त्यांच्याकडे. माझ्या त्या बघण्याला ते घाबरतात, म्हणून विषय संपला. रविवारी पेंढीला लाल रिबीन बांधून देवळात गेले. नवे फादर तरुण आहेत. त्यांनी लोंबी हातात घेऊन विचारलं, हे असं लाल कसं. मग काय, मी त्यांना तुझ्या आयपासून सुरुवात करून सगळं ऐकवलं, मागे रांग खोळंबली, कोणीतरी खोकलंसुद्धा. मी अगदी खुशीत होते. घरी परतताना स्कूटरवरच पावसाने गाठलं, आणि तो मग बुधवारपर्यंत हलला नाही.

असा पाऊस तू एकदाच पाहिला असशील. गडगडाट नाही, जोर नाही, थंडगार, बारीक, सारखा. अंगावर शाल घ्यावी असा ऑक्टोबर. पूर्वी आपल्या तुकड्यातलं पाणी बांधावरून खालच्या वाडीत उतरायचं आणि तिथून खाडीकडे जायचं. आता ते भरावाला थडकतं आणि माघारी येतं. सोमवारी सकाळी बांधावर गेले तर सगळं भात आडवं पडलेलं आणि लोंब्या पाण्यात. तुला काय सांगायचं, पिकलेला दाणा पाण्यात पडून राहिला की त्याला वाटतं पेरणीच झाली, तो लोंबीला असतानाच कोंब काढतो. खायला कामाचा राहत नाही आणि पेरायलाही नाही. जावई छत्री धरून माझ्या मागे उभे होते. गुरुवारचं ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पाणी बघत उभी राहिले आणि मला तुझ्या त्या पावसाचं वर्ष आठवत राहिलं. मी शाळेत जायला लागलेली, पण हंड्यापेक्षा फार उंच नाही. तू पाण्यातून लोंब्या कापून आणतेस. टोपलीतून पाणी गळतंय, तुझ्या मानेवरून, लुगड्यावरून, ओटीपासून चुलीपर्यंत ओली वाट झालीय. भिजलेलं भात तसंच ठेवलं तर कुजेल, म्हणून ते त्याच दिवशी उकडायचं, मग पसरायचं, मग सवडीने कांडायचं. मोठा हंडा चुलीवर, घरभर वाफ, कोंड्याचा तो गोडसर वास. मी मदत करायला म्हणून कोपऱ्यातल्या सुपातलं भात ओंजळीत घेते आणि हंड्याकडे निघते, तर तू अशी ओरडतेस की माझी ओंजळच सुटते. "ते नाय. ते उकडलं तं उगवंल काय?" मग आपण दोघी जमिनीवरून दाणे वेचतो. सुपातलं ते बी. ते तू चुलीपासून हातभर लांब पसरतेस आणि उठता बसता त्यातली एक मूठ गालाला लावून बघतेस. मलाही गाल पुढे करायला लावतेस. "गालाला ऊन लागलं तं बियाला बी लागलं. मरंल ते." पुढे मला मूल झालं तेव्हा दुधाची बाटली मी मनगटाला न लावता गालाला लावायचे. नर्स हसायची.

आणि मग ते फडकं. वाळलेल्या बियातले थोडे दाणे तू ओल्या फडक्यात बांधलेस, डब्यात घातलेस आणि डबा फळीवर ठेवलास, उगवतंय की नाही बघायला. मला ताकीद दिलीस, "मदी उघडायचं नाय. बालंतिणीची खोली कोन उघडून बघतं?" तू विहिरीवर गेलीस आणि मी पाटावर पाट ठेवून चढले. दाणे होते तसेच होते. लाल, ओले, गप्प. डबा बंद करायच्या आत तू मागे उभी. हातावर चापट बसली. मी रडले नाही, कारण तुझ्याच डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे आलंय असं मला वाटलं. "उघडलंस ना? लाजलं ते," तू म्हणालीस आणि तोंड फिरवलंस. नंतर किती दिवस गेले ते आठवत नाही, पण तू एकदा आपणहून हाक मारलीस, डबा खाली काढलास, फडकं उघडलंस. दाण्या दाण्याला पांढरा कोंब. "बग, आलं." मला आजही त्या पांढऱ्याची चमक दिसते. त्या दिवसापासून मी धरून चालले की मधे डोकावलं नाही तर गोष्टी येतात. मुलीचे निकाल मी कधी आधी बघितले नाहीत. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तपासणीचं पाकीट यायचं तेही मी उघडत नव्हते, जावईच उघडायचे. मी बाहेर बाकावर बसून राहायचे, ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखी.

बुधवारी पावसाने जरा उसंत दिली तेव्हा कामणवाली आली. तुझ्याकडे कापणीला जी यायची तिची मुलगी. तीही माझ्याच वयाची, केस माझ्यापेक्षा काळे. गोदामांच्या मागे त्यांचा अजून थोडा तुकडा आहे, तो ती लावते, आणि माझी कापणी असली की सुनेला घेऊन येते. पेंढ्या बांधायचा प्रश्नच नव्हता. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही तिघी नुसत्या लोंब्या कापून गोणीत भरत होतो. पाणी इतकं गार की बोटांना विळ्याची मूठ कळत नव्हती. ज्याला कोंब फुटलेत ते वेगळं टाकायचं म्हणून मी सांगत होते, पण वेगळं करायला उरलंच किती होतं. मला घाई बियाची होती. खायचं गेलं तर गेलं, पिशवीभर बी निघालं पाहिजे, एवढा एकच जप चालला होता माझा.

"बाय, गुरवारी फोन केला असता तं कोरडं निगालं असतं," ती म्हणाली.

"आगेरा व्हायचा होता."

ती हसली. "तुमची आयबी अशीच. सगला गाव कापून मोकला झालेला, आनि ही आपली थांबलेली. मग आला ना पाऊस."

"थांबली तरी तिचं बी टिकलं," मी म्हटलं. "तेवढ्या पावसात टिकलं."

तिने विळा थांबवला. "त्या पावसात? बाय, त्या वर्साला तं तुमचं बी गेलं. तुमच्या आयनं आमच्या घरशी नेलं. मी होते ना घरात. माज्या आयनं कनगीतून काडून दिलं."

"दुसऱ्या कोणी नेलं असेल."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कापायला लागली.

त्या "बरं"चा मला इतका राग आला, काय सांगू. वाद घातला असता तर मी तिला गप्प केलं असतं. संध्याकाळी जाताना तिने साधेपणाने सांगितलं की आमच्याकडे तांबडं आहे, लागलं तर सांगा. मी म्हटलं, लागणार नाही. त्यांना चहा दिला, खारी फडताळात होती ती काढली नाही. मोठी माणसं रागावली की किती लहान होतात बघ.

त्या रागातच चूक झाली. लोंब्या आणल्या आणल्या पसरायला हव्या होत्या, हे तू मला न शिकवताही मला माहीत होतं. पण मनात तेच घोळत होतं, माझी आय कोणाच्या दारात बी मागायला गेली असेल होय. कमरेत कळ, डोक्यात ही भुणभुण. गोण्या व्हरांड्यात तशाच भिंतीला टेकवल्या आणि उद्या पसरू म्हणून आडवी झाले. सकाळी गोणीत कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊन. नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या टोपात हात घालावा तसं. मी मूठ बाहेर काढून गालाला लावली आणि तिथेच खाली बसले.

तरी मी सोडलं नाही. बाहेर पाऊस, ऊन नावाला नाही, चूल तर घरात कधीची नाही. झोपायच्या खोलीतला पलंग रिकामा केला, त्यावर धुतलेली चादर घातली आणि बियाचं भात त्यावर पसरलं. वर पंखा, समोर एसी, बाजूला वालीवहून आणलेला उभा पंखा. जावई हॉलमध्ये दिवाणावर गेले. "सवत आणलीस ती आणलीस, तिला एसीपण?" एवढंच बोलले. ऑक्टोबर म्हणजे रोजारीचा, जपमाळेचा महिना, रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्याच खोलीत खुर्च्या टाकून रोजारी म्हणायचो, एका हाताने मणी आणि दुसऱ्या हाताने भात परतायचं. मला वाटतं जावयांनी एक दिवस भाताच्या नावाने जास्तीचा एक 'नमो मारिया' म्हटला. मला ऐकू गेलं, पण मी दाखवलं नाही.

बाकीचं भिजलेलं भात मी उकडलं. लग्नकार्यातला मोठा टोप माळ्यावरून काढला, मागच्या दारी गॅसची शेगडी लावली. आणि आय, झाकण काढलं तेव्हा तो वास आला. मला माहीत होतं तो येणार, मी तयार होते, तरी आला तेव्हा मी दाराची चौकट धरली. तुझा फोटो मी रोज बघते, त्याने काही होत नाही. तुझा आवाज आता मला नीट आठवतही नाही, शब्द आठवतात आणि ते मी माझ्याच आवाजात ऐकते. पण त्या वाफेत तू अख्खी होतीस, ओल्या लुगड्यासकट. मला तू हवी होतीस. आत्ता, ह्या वयात, मांडीवर डोकं ठेवायला नाही, नुसती बाजूला उभी, "जाल कमी कर" म्हणून ओरडायला. भात कधीच उकडून झालं होतं, मी तरी गॅस चालू ठेवला. शेवटी तळाला लागलं.

बी वाळलं तसं त्यातलं थोडं मी फडक्यात बांधलं. तुझ्यासारखंच, सुती फडकं, स्टीलचा डबा, फ्रिजच्या वर ठेवला. गंमत बघ, इतके दिवस मी कोंब येऊ नयेत म्हणून धडपडत होते आणि आता कोंब यावा म्हणून रोज डब्याखालून ये-जा करत होते. न बघता ठेवलं. यायला हवं होतं तेवढे दिवस गेले, वर आणखीही गेले. मग उघडलं. लाल, ओले, गप्प. एका दाण्यालाही काही नाही, आणि फडक्याला कुबट वास.

मी डबा ओट्यावर ठेवला. ह्या वेळी मी डोकावले नव्हते. म्हणजे लाजलं वगैरे काही नाही, बी मेलेलं होतं. आणि मग, आय, मला तुझं ते पहिलं फडकं समजलं. तेव्हाही ते माझ्या डोकावण्याने लाजलं नव्हतं. मी उघडलं तेव्हाच ते मेलेलं होतं, आणि तुला ते माझ्या खांद्यावरून दिसलं. तुझ्या डोळ्यांतलं पाणी माझ्यामुळे आलेलं नव्हतं. तू आपणहून हाक मारून दाखवलंस ते फडकं वेगळं होतं, त्यातलं बी वेगळं होतं. मधल्या दिवसांत तू कामणला जाऊन आलीस. इतकी वर्षं मी ज्या कोंबांवर विश्वास ठेवून चालले ते कामणच्या कणगीतले होते. मला तुझा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त वाटलं की तू ती वाट एकटीने कशी गेली असशील. तुला वाटेत कोणी विचारलं असेल, कुठे निघालीस, आणि तू काय सांगितलं असशील.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून कामणला गेले. भिवंडीच्या रस्त्यावर एकामागे एक ट्रक, गोदामं, धूळ. गोदामाच्या भिंतीला वळसा घालून आत गेलं की एकदम त्यांचं घर, अंगणात कोंबड्या. खारीचा पुडा नेला होता. कामणवालीने तो घेतला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खुर्चीच्या हातावर बोट घासत बसले. मागणं सोपं नसतं गं. आपल्याला द्यायची सवय.

"बी गेलं," मी शेवटी म्हटलं.

"मना वाटलंच," ती म्हणाली. आतून निळा प्लास्टिकचा पिंप पुढे ओढला. कणगी कधीच मोडली.

"हे तेच का? तुझ्या आयने माझ्या आयला दिलेलं?"

"तेच म्हनायचं. पन बाय, खोटं कशाला बोलू, ह्यात सगल्यांचं हाय. माजी आय चार-पाच घरी कापनीला जायची, मजुरीचं भात मिलायचं, तांबडं असंल तेवडं एका कनगीत टाकायची. तुमच्या आयचं कुटलं आनि दुसऱ्याचं कुटलं, आता कोन निवडनार?"

म्हणजे त्यात तुझंही होतं. तू कापणीला दिलेलं, भाऱ्यात बांधून तिच्या आईने डोक्यावरून नेलेलं. थोडं, पण होतं. मी विचारलं, "आय आली तेव्हा काय बोलली?"

"काय नाय. अशीच बसली, तुमच्यासारकी. पानी प्यायली. मग जाताना बोलली, पोरीला सांगू नका." आणि मग ती माझ्याकडे बघून हसली. "मी पन कवा सांगितलं नाय. आता म्हटलं, पोरगी म्हातारी झाली, सांगितलं तं काय होतंय."

ती पिंपातून भरून देत होती आणि मी पुढे केली ती तुझीच पिशवी, लुगड्याची, रंग गेलेली. कितीदा ठिगळ लावलं तरी बंद तुझ्याच हातचे आहेत. घरी येऊन थोडे दाणे फडक्यात बांधले, डबा फ्रिजवर ठेवला. हे कोंब आले. सगळे आले, आणि लवकर आले. त्याच संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. बंगलोरला असते, तुझी ती रांगणारी नात, तिला तू एवढीशी पाहिलीस. "मम्मा, काय झालं? आजीचं राईस वाचलं का? पप्पा सांगत होते तू त्याला एसीत झोपवलंस." मी फोन फडक्याकडे वळवला. तिने फोन जवळ नेला, नाक स्क्रीनला लागेल इतका. मग हळूच म्हणाली, "मला पण दे ना त्यातलं. बाल्कनीत कुंडीत लावते." मी म्हटलं, नाताळला आलीस की देते. आणि माझ्या तोंडून आपल्या बोलीत निघालं, "बग, आलं." बाकीचं मी तिला सांगितलं नाही. कामणचं काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून तोंड उघडलं होतं मी, तुझी शप्पथ, पण तिचा चेहरा बघितला आणि राहिलं.

इथवर लिहिलेलं हे पत्र मृतांच्या दिवशी तुझ्या कबरीवर ठेवावं असं मनात होतं. मेणबत्त्या घेऊन गेले, माहेरच्या देवळामागे. तुझी जागा आता कोणती ते मला अंदाजानेच ठरवावं लागतं, जागा कमी, कबरी पुन्हा वापरतात, तिथे आता दुसरंच कोणी निजलंय, त्यांचा क्रूस आहे, ताजी फुलं आहेत. त्यांच्या शेजारी मेणबत्ती लावली आणि पत्र परत पर्समध्ये टाकलं. वारा होता हे एक. दुसरं म्हणजे, नाताळात मुलगी येईल, तिला जुन्या कबरी बघत हिंडायची हौस आहे, एखादा कागद दिसला की ती उचलणार. पोरीला सांगायचं नाही. तूच म्हणालीस ना.

आणि एक राहिलं. कामणचं बी पिशवीतून डब्यात भरायच्या आधी मी पलंगावर ओतलं आणि मूठ मूठ उचलून गालाला लावलं. ऊन आहे का ते बघायला नाही, ते कोरडं ठणठणीत होतं. त्यातला एखादा तरी दाणा तुझा असेल, तो चुकून राहून जाऊ नये म्हणून सगळंच लावून बघितलं.